मेंदूच्या डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर नावं आठवत नाहीत

प्रश्न:
मिस्टरांचं फिट्सचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं. मेंदूचा डावा टेम्पोरल लोब (कानाजवळचा भाग) काढला, आतल्या हिप्पोकॅम्पससकट, म्हणजे आठवणी साठवायला मदत करणाऱ्या भागासकट. तेव्हापासून एकही फिट नाही, देवाची कृपा. पण सांगलीत आमचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकाने शाबू मागितला की हे बरोब्बर त्या डब्याशी जातात, भाव सांगताना मात्र शब्द अडतो आणि "ते पांढरं" म्हणतात. उधारीवाल्याचा चेहरा ओळखतात, नाव येत नाही. मेंदू हे काम दुसरीकडून करायला शिकतो का?

उत्तर १:
ताई, मी अशा पेशंटच्या स्मृतीच्या चाचण्या घेते. बहुतेकांमध्ये शब्द आणि नावं डावी बाजू सांभाळते, चेहरे-जागा जास्त करून उजवी. म्हणून डबा सापडतो, नाव अडतं. उजवा हिप्पोकॅम्पस शाबूत आहे हा मोठा आधार. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या फिट्सच्या पेशंटचे दोन्ही बाजूंचे हेच भाग काढले, तर त्यांना नव्या घटना लक्षातच राहीनात.

काम सरकतं, पण ते ऑपरेशनच्या आधीच सरकायला लागलेलं असतं, कारण आजारी भाग वर्षानुवर्षं नीट चालत नसतो. दुसरी बाजू स्कॅनमध्ये जास्त उजळली म्हणजे स्मृती सुधारली, असं मात्र नाही. २०१३ साली लंडनच्या संशोधकांना दिसलं की ज्यांचं काम आधीच आजारी बाजूच्याच हिप्पोकॅम्पसच्या मागच्या, ऑपरेशननंतर उरलेल्या भागाकडे गेलं होतं, त्यांची शब्दस्मृती नंतर चांगली टिकली. ऑपरेशनपूर्वीच्या चाचणीचा कागद काढा आणि तीच चाचणी परत करून घ्या. आधी किती होतं हे कळल्याशिवाय किती गेलं ते कळत नाही.

उत्तर २:
वहिनी, माझंही डावीकडचंच ऑपरेशन. मी शाळेत शिकवतो. मुलांची नावं पाठ करणं सोडलं. बाकांचा नकाशा काढतो आणि प्रत्येक नाव त्या जागेवर बसवतो. जागा आठवली की पाठोपाठ नाव येतं. दादांना डब्यांवर ठळक अक्षरात नावं लावून द्या, उधारीच्या वहीत चेहऱ्याची खूण लिहू द्या. घाईत कुणी शब्द पुरवू नका, थोडं थांबा. आणि फिट्सची टोपिरामेट ही गोळी चालू आहे का? त्या गोळीनेही शब्द अडतात. डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका, फिट परत येऊ शकते.

प्रश्न विचारणारी:
हो, टोपिरामेट रोज दोन वेळा आहे! हे कुणी सांगितलंच नव्हतं. जुनी फाईल शोधते, सोमवारी डॉक्टरांकडे दोन्ही गोष्टी काढते.