माघ सरताना कुंड्यांची कामं: तुमचे अनुभव लिहा

दादरची गॅलरी: खालच्या आंब्याच्या मोहोराचा वास वर आला आणि आजीचा माघातला बोडका मोगरा आठवला. थंडी (मुंबईत जेवढी पडते तेवढी!) संपतेय, तर कोण काय करतंय ते लिहा. मोगऱ्यापासून सुरुवात करते. फूल येतं नव्या फुटव्याच्या टोकाला, म्हणून आत्ताच छाटायचा. पानं जरा मलूल होईपर्यंत पाणी तोडा, मग प्रत्येक फांदी तिसरा हिस्सा कापा आणि उरलेली पानंही ओरबाडून टाका. वरची दोन इंच माती उकरून बारा इंची कुंडीला दोन-तीन मुठी मुरलेलं शेणखत आणि चमचाभर बोनमील (हाडांचा चुरा). ऊन पाच-सहा तास हवंच.

मुलुंडकर: यात एकच भर. छाटल्यावर पाणी बेताने. पानंच नाहीत तर झाड पाणी पिणार कसं? मुळं कुजतात आणि लोक म्हणतात छाटणीने मेला. डोळे (फांदीवरचे नवे कोंब) फुटले की वाढवा. आणि युरिया नको, पाल्याचं जंगल होतं, कळी एक नाही.

कुकर लावलाय: गुलाब पण छाटू का आता?

मुलुंडकर: नाही हो ताई! गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात. आत्ता फक्त सुकलेली फुलं काढा, खाली पाच पानांची डहाळी जिथे फुटते त्या सांध्यापर्यंत.

तिसरा मजला: वरच्यांनी कुंडीखाली ताटल्या ठेवा हीच माझी बागकामाची टीप. वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर शेणखताचं पाणी 😡

दादरची गॅलरी: 😂 ताटल्या ठेवाच, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ओतून टाका. डासही होतात, मुळंही गुदमरतात.

विक्रोळी गच्ची: जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतोय ना, तो पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या बघा, त्याच त्याला झाडभर फिरवतात. नुसता नीम मारून काही होत नाही. पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका (कुंडीत टाकू नका!!). मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल. तेल आधी भांड्याच्या साबणाच्या चार थेंबांत घोटून घ्या, नाहीतर वर तरंगतं. संध्याकाळीच, उन्हात पानं भाजतात. दर आठवड्याला, तीनदा. पानाची खालची बाजू विसरू नका.

कुकर लावलाय: शिट्टी झाली, येते.

बोरिवली पूर्व: अडेनियम कुणाकडे आहे? मूळचं अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं, त्याला आपला पावसाळा म्हणजे शिक्षा. कुंडी बदलायची ती आता, ऊन तापायला लागल्यावर. अर्धी जाड रेती किंवा विटांचा चुरा, बाकी माती आणि थोडं खत. कुजकं मूळ कापलंत तर चार-पाच दिवस सावलीत सुकवून मगच लावा, आणि नंतरही लगेच पाणी नाही. खोड दाबून मऊ लागलं तर आत सड आहे, कडक भाग लागेपर्यंत कापा. चीक विषारी, हातमोजे घाला.

दुबईहून पार्लेकर: इथे उलटं. पेटुनिया आत्ता ऐन बहरात, एप्रिलपर्यंत टिकतील, त्यामुळे खत चालू. वाळू चुनखडीची, म्हणून लिंबाची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. लोह मातीत असतं पण झाडाला घेता येत नाही. साधं हिराकस (फेरस सल्फेट) घालून उपयोग नाही, चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं), तेही पाकिटावर ईडीडीएचए (EDDHA) लिहिलेल्या प्रकारचं. आणि बुंध्याभोवती पाचोळा, खोडाला न टेकवता.

कुकर लावलाय: आले. आमच्या लिंबाची फुलं गळतात, ते पण लोह का?

विक्रोळी गच्ची: फुलं थोडी गळणारच, सगळी धरली तर झाड पेलणार नाही. पण एक दिवस कोरडं आणि एक दिवस चिखल असं करू नका. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. फुलांवर नीम नको, मधमाश्या येतात.

दादरची गॅलरी: भेंडी-गवार राहिलीच! भेंडीचं बी रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल, थेट मोठ्या कुंडीतच. सोटमूळ असतं, रोप हलवलं की रुसतं.

तिसरा मजला: भेंडी झाली की एक वाटा खाली पाठवा, शर्टाचे मिटले समजा.