एडिटिंग टाळायचं तर रेकॉर्डिंगच नीट लावा
दहा मिनिटांच्या गणिताच्या व्हिडिओला दोन तास एडिटिंग जातंय म्हणालात ना, मग ओबीएस स्टुडिओ हे कम्प्युटरची स्क्रीन नि कॅमेरा रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर टाकाच, फुकट आहे. त्यात तीन सीन करून ठेवा, नुसता चेहरा, नुसती स्क्रीन आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात चेहरा, आणि सेटिंग्जमधल्या हॉटकीजमध्ये प्रत्येकाला एकेक बटण द्या, म्हणजे बोलता बोलताच सीन बदलतो नि नंतर जोडाजोड उरत नाही. अडखळलात तर पॉज करा. माइकला नॉइज सप्रेशन फिल्टर लावा, पंख्याची घरघर बरीच जाते. आणि हे महत्त्वाचं, रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल फॉरमॅटमध्येच करा, माझी मध्येच लाईट गेली तेव्हा साध्या एमपीफोरमधला अख्खा तास उघडलाच नाही, एमकेव्हीत तोवरचं शाबूत राहतं. नंतर फाइल मेनूत रीमक्स केलं, म्हणजे नुसता फॉरमॅट बदलला, की मिनिटभरात एमपीफोर तयार.