उ: रँडॉल्फ चर्चिल आणि बापाचं नाव

ब्रिटनचा युद्धकाळातला पंतप्रधान विन्स्टन चर्चिल, त्याच्या पोराला म्हणजे रँडॉल्फला बापाच्या नावावर सगळं आयतं मिळालं असं म्हणतात. अर्धं खरंय. खासदारकीची निवडणूक एकदाच जिंकला, १९४० ला प्रेस्टनमधून, तीही बिनविरोध कारण युद्धामुळे पक्षांचा समझोता होता, बाकी जिथे लढत झाली तिथे पडलाच. १९३५ ला लिव्हरपूलमधल्या वेव्हरट्रीला तर भारताला जास्त अधिकार देऊ नका म्हणत स्वतःच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाविरुद्ध उभा राहिला, मतं फुटली आणि सीट विरोधी लेबर पक्षाच्या घशात! वडलांनाही ही उमेदवारी आवडली नव्हती.

पण सैन्यात मात्र गडी मागे हटला नाही. मे १९४२ मध्ये डेव्हिड स्टर्लिंगच्या एसएएस या ब्रिटिश कमांडो तुकडीसोबत रात्रीच्या अंधारात शत्रूच्या ताब्यातल्या लिबियातल्या बेनगाझीत घुसला, गाडीची चाकं कर्कश किंचाळतायत आणि सोबतचा अधिकारी फिट्झरॉय मॅक्लीन इटालियनमध्ये पहारेकऱ्यांना गुंडाळतोय, असा सगळा प्रकार. परतताना गाडी उलटून पाठ दुखावली तरी १९४४ ला पॅराशूटने युगोस्लाव्हियात, जर्मनांशी लढणाऱ्या टिटोच्या गनिमी सैनिकांकडे. कोरियात तर वार्ताहर म्हणून गेला होता, तिथेही जखमी झाला.

दारू आणि तोंड सांभाळता आलं नाही हे मान्य. पण वडलांच्या चरित्राचे पहिले दोन खंड भक्कम आहेत, १९६८ ला हा गेल्यावर पुढचं काम इतिहासकार मार्टिन गिल्बर्टने नेलं.