शब्दचर्चा: थंड मॅग्नेशियम पिचतं, गरम दबतं?

रबाळेकर: आमच्या टेस्टिंगच्या खोलीत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे बोटाएवढे दंडगोल प्रेसखाली दाबतो. नव्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलं, आणि 'डिफॉर्मेशन'पाशीच, म्हणजे दाबाने आकार बदलणं, गाडी अडली. 'विकृती' वाचून पोरं खिदळतात, 'विरूपण' कुणाच्या तोंडी नाही.

वागळे इस्टेट: तापमान किती ते सांगा, मग शब्द सांगतो.

रबाळेकर: माल एझेड३१, म्हणजे साधारण ३ टक्के ॲल्युमिनियम, १ टक्का जस्त. थंड तुकडा थोडा दबतो आणि सुमारे ४५ अंशांच्या कोनात तिरका तुटतो. ३०० अंश सेल्सिअसला तोच पिंपासारखा पोटात फुगतो, तडा नाही.

वागळे इस्टेट: थंड 'पिचतो', गरम 'चेपतो'. झालं.

घणसोलीची मास्तरीण: झालं कसं? बांगडी पिचते तेव्हा तडा जातो, पण ती हातातच असते. दोन तुकडे झाले तर तो 'फुटला'. आणि चेपतो तो डबा, एका जागी पोचा येऊन. सगळ्या बाजूंनी बसतो तो 'दबतो'. फुगणं वेगळं, तिथे टोकं प्रेसला घासून अडकतात आणि मधला भाग बाहेर येतो.

रबाळेकर: पटलं. पहिली बारीक रेघ दिसताच प्रेस थांबवला तर 'पिचला'. रजिस्टरला हा फरक हवाच होता. आता 'स्लिप' आणि 'ट्विनिंग', धातूच्या आत आकार बदलायच्या या दोन तऱ्हांना काय म्हणायचं?

घणसोलीची मास्तरीण: स्लिपला 'सरकणे'. पापडांची चवड ढकलली की थर थरावरून सरकतात, तसं. थंडीत या धातूतले अणूंचे थर मुख्यतः एकाच पातळीवर सहज सरकतात. साधारण २०० अंशांच्या वर इतर पातळ्याही मोकळ्या होतात, म्हणून गरम तुकडा ऐकतो.

वागळे इस्टेट: ट्विनिंगला 'जुळे' नको, बाळंतपण वाटतं. एक्स्ट्रूड केलेली, म्हणजे साच्याच्या भोकातून दाबून काढलेली, कांडी लांबीच्या दिशेने दाबली की कणातल्या (धातूतल्या बारीक स्फटिकातल्या) अणूंची रचना सुमारे ८६ अंशांत वळते, जवळजवळ काटकोनात. आमच्याकडे सरळ म्हणतात, कणाने कूस बदलली. म्हणूनच ती कांडी ओढण्यापेक्षा दाबताना लवकर नमते.

घणसोलीची मास्तरीण: 'कूस बदलणे' झकास! फक्त अख्खा कण एकदम वळत नाही, आधी त्यात पट्टे उमटतात, ते रुंदावत जातात. तेवढं कंसात लिहा.

रबाळेकर: लिहितो. मथळा 'दाबाखाली धातू कसा वागतो'. 'कूस' मात्र साहेबांकडून पास करून घ्यावी लागेल.