पावसाळी ट्रेकसाठी हातातला जीपीएस: घ्यावा का, कोणता, आणि वापरायचा कसा?

भिजका_बूट

मंडळी, जुलैत तोरणा ते राजगड करायला निघालो होतो. "निघालो होतो" असंच म्हणायचं, कारण राजगड काही झाला नाही. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून डोंगरधारेला लागेपर्यंत सगळं झकास. मग धुकं असं दाटलं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना. मोबाईलवर ओएसएमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये ट्रॅक (आधी कुणीतरी चालून नोंदवलेली वाट) घालून नेला होता, पण स्क्रीनवर थेंब पडले की नकाशा आपोआप मोठा होई, सरकून कुठल्या कुठे जाई. पुसायला जावं तर शर्टही ओलाच. एकदा तर थेट साहेबांना फोन लागला. शनिवारी सकाळी साडेनऊला.

या गडबडीत धार सोडून एका सोंडेवर कधी उतरलो ते कळलंच नाही. तासाभरानं गुरं राखणारे एक बाबा भेटले. म्हणाले, "राजगड व्हय? त्यो ऱ्हायला की तुमच्या पाठीमागं." त्यांनीच डांबरी रस्त्याला आणून सोडलं. तोवर फोनची बॅटरी ११ टक्के.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की स्वतंत्र जीपीएस घ्यायचा. पंचवीस हजारांपर्यंत तयारी आहे. गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स की ३२एक्स, यात अडकलोय. शिवाय मावसभाऊ दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारा इनरीच आहे आणि तो मला द्यायला तयार आहे. फुकटात मिळतोय तर तोच घेऊ का?

कारवी

आधी शेवटच्या प्रश्नाचं: मुळीच नको. भावाला आजच फोन करून सांगा की ते यंत्र घरीच ठेव. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. सामानात असं यंत्र सापडलं म्हणून परदेशी पाहुण्यांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या आहेत, अगदी गोव्यातसुद्धा. साधा जीपीएस फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. तो इथल्या दुकानात बिलासकट मिळतो.

आता यंत्र. माझ्याकडे २०१२ साली घेतलेला ईट्रेक्स २० आहे. त्याचं रबर सुटलं, ते सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं बांधलंय, आणि तो अजून चालतोय. बटणं आहेत, त्यामुळे पाऊस असो, हात चिखलानं भरलेले असोत, त्याला फरक पडत नाही. दोन पेन्सिल सेलवर चालतो. कंपनी २५ तास म्हणते. मी शनिवार-रविवारला एक जोडी आत आणि एक जोडी फिल्मच्या डबीत ठेवते. दुसरी जोडी क्वचितच लागते, पण ती असली की रात्री झोप लागते.

२२एक्स आणि ३२एक्समधला खरा फरक म्हणजे होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारं मापक. ३२एक्समध्ये दोन्ही आहेत, २२एक्समध्ये नाहीत. "त्यात काय एवढं" असं वाटेल, म्हणून तुमच्याच धारेवर चला. धुक्यात माणूस काय करतो? थांबतो, गोल फिरतो, इकडेतिकडे बघतो. होकायंत्र नसलेल्या जीपीएसला तुमचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. तुम्ही चालता तेव्हा आधीची जागा आणि आताची जागा यावरून तो दिशा काढतो. उभ्या माणसाला दाखवलेला बाण म्हणजे नुसता अंदाज. आणि लोक नेमका तेव्हाच बाणावर विश्वास ठेवतात. दहा-पंधरा पावलं सरळ चाला, मग बाण बघा. किंवा गळ्यात साधं सुईचं होकायंत्र अडकवा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जवळपास फरक नाही, त्यामुळे आकडेमोडीची भानगडही नाही.

उंचीमापकाचं मात्र वेगळं आहे. गडांवरच फिरणार असाल तर ते नसलं तरी चालेल. पण घाटवाटांचं, म्हणजे घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या पायवाटांचं, वेड लागलं (लागेलच), तर मी ३२एक्स घ्या म्हणेन. नाळेतून उतरताना दोन्ही बाजूंना कातळ, वर आकाशाची चिंधी. उपग्रह कमी दिसतात, जे दिसतात त्यांचे संकेत कड्यावर आपटून येतात, आणि पडद्यावर तुम्ही शेजारच्या सोंडेत पोहोचलेले असता. बोराट्याच्या नाळेत मी हे दोनदा पाहिलंय. अशा वेळी जागेपेक्षा उंची कामाला येते. "सातशेपर्यंत उतरा, मग उजवीकडे आडवी वाट" एवढं माहीत असलं की पुरे. अट एकच: सकाळी निघताना नकाशावर उंची लिहिलेल्या एखाद्या जागी ते मापक जुळवून घ्यायचं. दाब एक मिलिबार बदलला की आठ-नऊ मीटरचा फरक पडतो, आणि पावसाळ्यात मुक्कामी रात्रभरात तेवढं सहज होतं. मुक्काम हलला नाही आणि यंत्र म्हणतंय आपण वीस मीटर चढलो, तर समजावं की दाब उतरलाय. छत्री वर ठेवा.

आणि एक सवय. प्रत्येक फाट्यावर जाताना एक खूण नोंदवा. नाव टाकत बसू नका, ००१, ००२ चालेल. माघारी येताना वाटा उलट्या दिसतात, ढोरवाट पायवाटेपेक्षा ठळक दिसते, आणि तिथेच चकवा लागतो.

जुना_नकाशेवाला

यंत्राबद्दल ताईंनी सांगितलंच. मी आकड्यांबद्दल सांगतो, कारण लोक यंत्रानं नाही, आकड्यांनी चुकतात.

घोळ गावाच्या पुढे एका पाण्याच्या टाक्याचा ठावठिकाणा मित्रानं फोनवर सांगितला, "अठरा अंश, वीस तीस". मी १८ अंश २० मिनिटं ३० सेकंद घातलं. त्याच्या यंत्रावर होतं २०.३० मिनिटं, म्हणजे २० मिनिटं १८ सेकंद. फरक बारा सेकंदांचा. एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, म्हणजे मी टाक्याच्या उत्तरेला पावणेचारशे मीटर. पुण्यात हा एक चौक झाला. घाटमाथ्यावर मधे कडा होता. मे महिना, तिघांत मिळून अर्धी बाटली. त्यानंतर मी मिनिटांतला टिंब मोठ्यानं म्हणतो: "वीस टिंब तीन शून्य मिनिटं".

दुसरं, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट (चढउतार दाखवणारे नकाशे) कुणाकडून मिळाले, तर ते एव्हरेस्ट आधारावर आहेत. आधार म्हणजे पृथ्वीचा आकार कसा धरून अक्षांश-रेखांश मोजलेत ते. जीपीएस कारखान्यातून डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या आधारावर येतो. त्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच घातले तर जागा सरकते. त्याच विभागाचे नवे ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, तेच वापरा. नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं असेल तर यंत्र यूटीएमवर लावा, म्हणजे जागा अंशांऐवजी मीटरांत दिसते. आपल्या सह्याद्रीचा पट्टा ४३क्यू. एक चौकोन म्हणजे सरळ एक किलोमीटर, डोकं कमी लागतं.

मोहरीचा_पाहुणा

मी जरा उलटं बोलतो. फोन वाईट नाही, वापर वाईट. विमान मोडवर टाका, नकाशा घरूनच उतरवून न्या, स्क्रीनला कुलूप लावून ट्रॅक नोंदत ठेवा. माझा असा दिवसभर टिकतो. पावसात स्क्रीनचं म्हणाल तर त्यावर उपाय नाही, तिथे बटणंच हवीत, मान्य.

पण ट्रॅक कुणाचा आणि कधीचा, हे कुणी विचारतच नाही. मागच्या वर्षी मोहरी गावात मुक्काम होता. रात्री तिथल्या एका मामांना ट्रॅक दाखवला, नेटवरून घेतलेला, चार वर्षांपूर्वीचा. चष्मा लावून त्यांनी नीट बघितला. म्हणाले, "वाट बराबर हाय. पर ही गेली ना औंदा दरडीत." मग त्यांच्याबरोबरच गेलो. दिवसाची मजुरी दिली आणि नवा ट्रॅक मिळाला. बाणावर "६०० मीटर" दिसतं ते पक्ष्यासाठी असतं, हेही त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. ते इथे लिहिता येणार नाही.

भिजका_बूट

सगळ्यांचे आभार. भावाला कळवलं, तोही दचकला. ३२एक्स घेतला. रविवारी सिंहगडाला आतकरवाडीच्या वाटेनं नेऊन आणला. वाट तोंडपाठ आहे म्हणून मुद्दाम तिथे.

दोन शंका. एक, ट्रॅक मधेमधे नागमोडी आलाय, जिथे मी सरळ चाललो होतो. यंत्र गळ्यात दोरीला लटकत होतं. दोन, सेल चांगले रिचार्जवाले नवे घातले, तरी दुपारी दोनपर्यंतच बॅटरीची खूण अर्ध्याखाली. यंत्र खराब आलं का?

कारवी

यंत्र ठीक आहे. ईट्रेक्सचा अँटेना चपटा असतो, त्याचं तोंड आकाशाकडे हवं. गळ्यात उभा लटकवला की अर्धं आकाश तुमच्या पोटानं अडवलं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर वरच्या बाजूला अडकवा. वर जाड दांडी असलेली मॉडेलं उभी धरायची असतात, ती गोष्ट वेगळी.

सेलचं: सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार अल्कलाईनवर आहे का बघा. रिचार्जवाल्या सेलचा दाब मुळातच कमी, १.२ व्होल्ट. यंत्राला वाटतं सेल संपत आलेत.

भिजका_बूट

अल्कलाईनवरच होतं. 🤦 बदललं. शनिवारी पुन्हा तोरणा. या वेळी साहेबांचा नंबर फोनमधून काढून टाकलाय.