जत्रेच्या नाटकांतून विद्यापीठातील नाट्यशिक्षणाकडे वळावे काय?

प्रश्न (गोव्याच्या फोंडा तालुक्यातील विद्यार्थी):
नमस्कार. मी यंदा वाणिज्य शाखेची पदवी पूर्ण करत आहे. गावच्या जत्रेतील मराठी नाटकांत गेली सहा वर्षे भूमिका करतो आणि चारचौघांत धीटपणे बोलायला मी तिथेच शिकलो. आता नाट्यशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे मनापासून वाटते. परंतु आमच्या मंडळातील वडीलधारे म्हणतात की नाटक तालमीत शिकायचे असते, वर्गात नव्हे. जे तालमीत मिळत नाही असे विद्यापीठात नेमके काय मिळते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (माजी विद्यार्थिनी, डिचोली):
मीही जत्रेच्या नाटकांतूनच पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गेले. तेथे पहिल्याच महिन्यात लक्षात आले की महत्त्वाचे वाक्य आले की मी नकळत रंगमंचाच्या मध्यभागी सरकते. आपल्याकडे देवळाच्या प्रांगणातील रंगमंचावर माइक वरून टांगलेले असतात. त्यांच्याखाली पोहोचल्याशिवाय वाक्य उच्चारायचे नाही ही सवय अंगात इतकी मुरते की पात्राने कुठे जावे हे प्रसंगाऐवजी माइकच ठरवू लागतो. श्वासावर ताबा ठेवून वाक्याचे शेवटचे अक्षरही मागच्या रांगेपर्यंत नेण्याचा सराव मी रोज सकाळी केला, तरी ती सवय सुटायला बरेच महिने गेले. दुसरी अडचण प्रॉम्प्टरची होती. विंगेतून वाक्य मिळणार या भरवशावर मी समोरच्या पात्राचे बोलणे कधी नीट ऐकलेच नव्हते, आणि ऐकणे हाही अभिनय आहे हे मला प्रथम तिथे कळले.

अभिनयापलीकडचे विषयही कमी मोलाचे नाहीत. स्टॅन्ले मॅककँडलेस यांनी १९३२ साली पुस्तकरूपाने मांडलेल्या प्रकाशयोजनेच्या पद्धतीत नटावर समोरून, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांच्या कोनातून प्रकाश टाकतात, एकीकडून उबदार छटेचा व दुसरीकडून शीतल छटेचा. हे शिकल्यावर आमच्या गावच्या नाटकांत चेहरे सपाट का दिसत, याचा उलगडा झाला.

उत्तर २ (हौशी दिग्दर्शक, पेडणे):
ताईंचे निरीक्षण खरे आहे, तरीही एक बाजू मांडतो. बाहेर फेरीचा, म्हणजे जत्रेतल्या दुकानांचा, गलबला चालू असताना, मध्यरात्रीनंतर पेंगुळलेल्या प्रेक्षकाला जागे ठेवणे हे कौशल्य आहे आणि माइकखाली उभा राहणारा नट ते जाणतो. भरतमुनींनी सांगितलेल्या आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयप्रकारांचा अभ्यास वर्गात अवश्य करावा. परंतु दशावतारात संहितेवाचून संवाद रचणारा नट वाचिक अभिनय कसा पेलतो, हे पाहायला त्याच्या समोरच बसावे लागते. आपले रणमाले, काला, जागर हे लोकनाट्याचे प्रकार विद्यार्थी म्हणून पुन्हा पाहा. घर सोडणे शक्य नसेल, तर पणजीत कांपाल येथील कला अकादमीतील नाट्यशिक्षणाचीही चौकशी करा. शिकायला मात्र जाच.

उत्तर ३ (नाट्यशिक्षक, मडगाव):
दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले असून तेथील अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. प्रवेशासाठी पदवीबरोबर रंगमंचावरील कामाचा अनुभवही पाहिला जातो, म्हणून आपण भूमिका केलेल्या प्रत्येक नाटकाची हस्तपत्रिका व छायाचित्रे आजच एकत्र करून ठेवावीत. जत्रेच्या नाटकांतील काम नोंदवण्यात संकोच बाळगू नये.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. आमच्या तालमी पंधरा दिवसांनी सुरू होत आहेत. या वेळी पहिले दोन अंक प्रॉम्प्टरशिवाय बसवावेत, अशी विनंती मी मंडळाला करणार आहे. ताई, श्वासाचा तो सराव घरी एकट्याने सुरू करता येईल का?