एकदम रेस दिल्यावर जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन क्षणभर दबते

प्रश्न (दिग्रस, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्याकडे वडिलांनी घेतलेली महिंद्राची सीजे-३बी पेट्रोल जीप आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे चार सिलिंडरचे २.२ लिटरचे हरिकेन आहे आणि त्यावरचा कार्बोरेटरही मूळचा कार्टर वायएफ आहे. पावसाळाभर जीप गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. दसऱ्यानंतर बाहेर काढली, तेव्हा रेस दिल्यावर गाडी किंचित अडखळते असे लक्षात आले. गावातील मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडून धुतला आणि डायफ्रामसह (रबराच्या लवचिक पडद्यासह) नवीन किट बसवले. मात्र त्यानंतर दोष कमी होण्याऐवजी वाढला.

सध्याची स्थिती अशी आहे. जागेवर इंजिन शांत चालते. पेडल हळूहळू दाबले तर गाडी व्यवस्थित वेग घेते, पण एकदम दाबले की इंजिन क्षणभर मेल्यासारखे होते, कधी कार्बोरेटरमधून फटका मारते आणि मग उचल घेते. सकाळी इंजिन थंड असताना आणि दुपारी तापल्यावर, दोन्ही वेळा हे सारखेच घडते. चोक अर्धा ओढून ठेवला तर दबणे बरेच कमी होते. मला कोड्यात टाकणारी गोष्ट पुढेच आहे: चोक ओढल्याने फरक पडतो म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडत असावे, असे म्हणावे, तर चारही प्लग काजळीने काळे झाले आहेत आणि लिटरमागे नऊ किलोमीटर चालणारी गाडी आता जेमतेम साडेसहा चालते. कमी आणि जास्त या दोन्ही खुणा एकाच इंजिनात कशा दिसतात? मिस्त्री आता संपूर्ण कार्बोरेटर बदलण्यास सांगत आहेत. वडिलांच्या हातची वस्तू आहे, त्यामुळे ती काढून टाकण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

उत्तर (हिंगणघाट)

भाऊ, कार्बोरेटर बदलण्याची घाई करू नका. मी चाळीस वर्षे पेट्रोल गाड्यांचे काम केले आहे. आपण सांगितलेले लक्षण बहुतेक वेळा ॲक्सिलरेटर पंपाकडे बोट दाखवते. पेडल एकदम दाबले की हवा तत्काळ आत धावते, परंतु पेट्रोल जड असल्याने मागे राहते. शिवाय मॅनिफोल्डमधील, म्हणजे कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतील, व्हॅक्युम (हवेची ओढ) पडल्यामुळे आधी वाफ होऊन जाणारे पेट्रोल भिंतींना चिकटते. हा एका क्षणाचा तुटवडा भरून काढण्यासाठीच पंप पेट्रोलची एक धार आत सोडतो, आणि ती आली नाही किंवा उशिरा आली तर इंजिन दबते. अमेरिकेत होली कार्बोरेटर असलेल्या आठ सिलिंडरी मसल कारचे मालकही याच दोषासाठी प्रथम पंप तपासतात. त्यांच्याकडे ३० सीसीचा पंप म्हणजे दहा वेळा दाबून मिळून ३० सीसी पेट्रोल देणारा पंप. गाडी मोठी असो वा आपली जीप, तत्त्व एकच आहे.

एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून पेडल दाबा आणि कार्बोरेटरच्या घशात धार पडते का ते पाहा. त्याच वेळी ठिणगी घडवणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.०२० इंच आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोहोचतो त्या जागेच्या) आधी ५ अंश आहे ना, हेही पाहून घ्या, कारण मागे पडलेले टायमिंग पुष्कळदा पेट्रोलचाच दोष असल्याचा भास निर्माण करते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला.

उत्तर (वरोरा, जि. चंद्रपूर)

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, हेही विचारात घ्यावे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते आणि या मिश्रणाला साधारण १३.५ किलो. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र, मात्र जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने आखलेले असल्याने हवा आणि इंधनाचे मिश्रण आपोआप पातळ होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते, आणि जिथे आधीच थोडी उणीव असेल तिथे ती ठळक होते. जुन्या प्रकारच्या रबराचे डायफ्रामही इथेनॉलने खराब होतात. अर्थात, काळ्या प्लगांचा उलगडा यातून होत नाही, हे मला मान्य आहे.

उत्तर (अकोला)

हिंगणघाटच्या काकांचे निदान मला पटते, परंतु त्यांनी सुचवलेली चाचणी या विशिष्ट कार्बोरेटरला लागू पडत नाही, हे आदरपूर्वक सांगतो. कार्टर वायएफमधला पंप मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमवर काम करतो. इंजिन चालू असताना व्हॅक्युम डायफ्रामला खाली ओढून धरतो आणि वरच्या पोकळीत पेट्रोल भरते; रेस दिल्यावर व्हॅक्युम पडला की खालची स्प्रिंग डायफ्रामला वर ढकलते आणि धार सुटते. इंजिन बंद असताना व्हॅक्युमच नसल्याने धार क्षीण दिसणे स्वाभाविक आहे. म्हणून इंजिन चालू ठेवून, चेहरा बाजूला ठेवून आणि छोट्या आरशाच्या मदतीने पाहावे. आपले इंजिन मागे फटका मारत आहे, त्यामुळे घशावर कधीही वाकू नका.

आता आपल्या कोड्याकडे येतो. याच डायफ्रामच्या दांड्याला मीटरिंग रॉडही (जेटमधून किती पेट्रोल जावे हे ठरवणारी बारीक सळई) जोडलेला असतो. डायफ्राम खाली असला की रॉड जेटमध्ये खोल उतरतो आणि पेट्रोल बेताने जाते. डायफ्राम वर असला की रॉड उचललेला राहतो आणि पेट्रोल भरपूर जाते. समजा, डायफ्रामच्या खालच्या बाजूस व्हॅक्युम पोहोचतच नाही. मग तो कायम वरच राहील, पंप भरणार नाही, रेस दिल्यावर धार येणार नाही आणि इंजिन दबेल. त्याच वेळी रॉड वर अडकल्यामुळे सरळ रस्त्यावर गाडी जास्त पेट्रोल पीत राहील आणि प्लग काळे होतील. आपल्या दोन्ही खुणा परस्परविरोधी नसून एकाच कारणाच्या आहेत. दोष किट बसवल्यानंतर वाढला असल्याने, डायफ्रामच्या कडेवरील छिद्र व्हॅक्युमच्या मार्गाशी जुळलेले नसावे, अशी माझी दाट शंका आहे.

प्रश्नकर्ता, पाच दिवसांनी

आपली शंका खरी ठरली. मिस्त्रींसमोरच पंप उघडला, तेव्हा डायफ्राम एक स्क्रू पुढे फिरवून बसलेला आढळला आणि व्हॅक्युमचा मार्ग रबराने पूर्ण झाकलेला होता. त्यांनी मोकळेपणाने चूक मान्य केली. छिद्र जुळवून बसवल्यानंतर आरशात धार ताबडतोब आणि सरळ पडताना दिसली. फटका मारणे थांबले आहे. मात्र टॉप गिअरमध्ये अगदी कमी वेगात पेडल दाबले तर पहिल्यासारखीच किंचित अडखळण अजून जाणवते, म्हणजे किट बसवण्यापूर्वी होती तेवढी.

उत्तर (हिंगणघाट)

वायएफविषयी अकोल्याच्या भावांनी केलेली दुरुस्ती मला मान्य आहे. हा कार्बोरेटर माझ्या हाताखालून फारसा गेला नव्हता. उरलेला दोष मूळचा दिसतो. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची) टोपी काढून आतला फिरणारा रोटर हाताने फिरेल त्या दिशेने वळवा आणि सोडून द्या. तो स्प्रिंगने चटकन मागे यायला हवा. चार महिने दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी आतील वजने गंजाने जड होतात आणि वेग वाढूनही टायमिंग पुढे सरकत नाही.

प्रश्नकर्ता

काका, रोटर वळवलेल्या जागीच थांबला होता. प्लेट काढून वजने साफ केली, खिळ्यांवर एकेक थेंब तेल सोडले आणि पॉइंट ०.०१२ इंचांवर आले होते, ते ०.०२० केले. काल कापसाची पोती भरून पुसदकडचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढलो आणि मुद्दाम तीन वेळा पेडल एकदम दाबून पाहिले. इंजिन एकदाही दबले नाही. प्लग साफ करून बसवले आहेत. दोनशे किलोमीटर चालल्यावर त्यांचा रंग आणि गाडीची सरासरी येथेच कळवतो.